बसलेल्या गाडीचं आवतन

मोठेबाबांनी ‘गाडी बंद पडली’ असं वाक्य कधी उच्चारलं नाही. गाडी ‘बसली’, ‘दमली’, फार तर ‘रुसली’. बंद पडतो तो विहिरीवरचा पंप. जित्या जिवाबद्दल असं बोलू नये, असं त्यांचं म्हणणं. आणि ती गाडी त्यांच्या लेखी गोठ्यातल्या जनावरांत जमा होती.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आर्णीत बी-बियाण्यांचं दुकान, गावालगत शेत, दारात एक बैलजोडी. मी पदवीधर झाले त्याच वर्षी त्यांनी नागपूरच्या एका डॉक्टरांनी वापरलेली भली मोठी परदेशी बनावटीची गाडी घेतली. नवी असती तर बंगल्याच्या किमतीची. जुनी म्हणून साध्या गाडीच्या भावात मिळाली. “राजाचा घोडा म्हातारा झाला म्हणून गाढव होत नाही,” ते म्हणाले. घोडा गाढव झाला नाही हे खरं. पण चारा तो राजाच्याच घरचा मागत राहिला, हे आम्हाला हळूहळू कळलं.

त्या गाडीला स्प्रिंगच्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या होत्या. त्या जुन्या झालेल्या. रात्रभरात हवा निघून जायची आणि सकाळी गाडी पुढचे गुडघे टेकून बसलेल्या म्हशीसारखी दिसायची. मोठेबाबा चहाचा कप घेऊन तिच्याजवळ जात, चावी फिरवत आणि ती कण्हत-कण्हत उठेपर्यंत उभे राहत. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, ओट्यावरून हे रोज बघायची. “माह्या गुडघ्यासाठी बाम आणा म्हणून सांगून राह्यली, तर तो आर्णीत भेटत नाही. तिच्या गुडघ्यासाठी बरे नागपूरले जाता.”

“तुह्या गुडघ्यावर पाच माणसं बसून जात नाहीत,” मोठेबाबा म्हणायचे.

नागपूरला जावंच लागायचं. आर्णीच्या मिस्त्रींनी एकदाच बॉनेट उघडलं होतं. आत इंजिन दिसलंच नाही, नुसतं काळं प्लॅस्टिकचं झाकण. त्यांनी बॉनेट अलगद बंद केलं आणि म्हणाले, “हे तर सीलबंद औषध आहे काका, माह्या हातानं नका उघडू.” नागपूरला गाडीला कॉम्प्युटर लावत. कॉम्प्युटर एक दुखणं सांगे, ते बरं होईपर्यंत दुसरं निघे, आणि त्याचा सुटा भाग समुद्रापलीकडून यायचा असे. एका खेपेला नुसती चावी हरवली, तर नवी चावी ज्या भावात आली त्या भावात आमच्याकडे अख्खी जुनी मोटरसायकल मिळते. मोठेबाबांनी ती चावी करदोऱ्याला बांधली.

एवढं असून ती गाडी कोणी मागितली की ‘नाही’ हा शब्द त्यांना येत नसे. लग्नसराईत आमच्या भागातला प्रत्येक नवरदेव तिच्यातूनच जायचा. एका लग्नात छताची काच उघडली ती मिटेचना, आणि आभाळ भरून आलेलं. मोठेबाबांनी दुकानातून सोयाबीन झाकायची ताडपत्री आणून छतावर बांधली. मुलीकडच्यांना वाटलं, खताची खेप आली. ते फाटक उघडायला तयार होईनात. शेवटी नवरदेवाने खिडकीतून बाशिंगासकट डोकं बाहेर काढून दाखवलं.

माझ्याबाबतीत मात्र त्यांचा एक वेगळाच हट्ट होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. मला एका सरकारी कार्यालयात लिपिकाची जागा मिळण्याची वेळ आली. यवतमाळला मूळ कागदपत्रं घेऊन अकराच्या आत हजर राहायचं होतं. जो येणार नाही त्याची जागा यादीतल्या पुढच्याला. मी म्हटलं, सकाळच्या एसटीने जाते. मोठेबाबा दुखावले. “घरची पयली साहेबीण लटकत जाईन, अन् गाडी गोठ्यात उभी राहीन? लोक काय म्हणतीन?”

“बसलेली राहीन,” मोठीआई म्हणाली. “उभी कधी राह्यते ते?”

हे पोळ्याच्या तोंडावर घडलं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, पळसाच्या पानांनी शेक देतात आणि बैलांना जेवणाचं निमंत्रण देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. त्या वर्षी बैलांचं झाल्यावर मोठेबाबा वाटी घेऊन गाडीकडे वळले. मला घेऊन जायचं आहे, तर तिच्याही खांद्यांचं करायला हवं, हे त्यांनी मनात ठरवलं होतं. ते आडवे झाले, चाकांच्या वरच्या त्या रबरी पिशव्यांना मनापासून तूप-हळद चोळली, पानांनी शेकलं, उरलेलं तूप बॉनेटखाली हात पोचेल तिथे लावलं, आणि हात जोडून आवतन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उभी होती. का ते देव जाणे. पण मोठेबाबांनी सगळ्या गल्लीला बोलावून ती दाखवली. “नागपूरवाल्यायले खांदे शेकता येत नाहीत, दुसरं काही नाही.”

पोळ्यानंतरच्या आठवड्यात आम्ही निघालो. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, माझी फाइल मागच्या सीटवर उशीला टेकवून ठेवली होती. अर्ध्या वाटेपर्यंत गाडी अशी गेली की मला माझ्या शंकेची लाज वाटली. मग समोरच्या काचेखाली एक दिवा लागला, मग दुसरा, मग दिवाळी लागावी तसे सगळेच लागले आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन अंग टाकून बसली.

मोठेबाबांनी बॉनेट उघडलं. आतून एक गुबगुबीत उंदीर निघाला आणि तुरीच्या शेतात गेला. तुपाचा वास घेत आलेल्या उंदरांनी तूप संपवून वायरी खाल्ल्या होत्या, पळसाच्या पानांचं घरही बांधलं होतं. मोठेबाबांनी एक कुरतडलेली वायर उचलून बघितली.

“आवतन म्या गाडीले देल्लं,” ते म्हणाले, “अन् जेवून गेले हे.”

मला हसू आलं नाही. घड्याळ पुढे सरकत होतं आणि माझी जागा यादीतल्या पुढच्याकडे. तेवढ्यात आर्णीकडून एसटी येताना दिसली. मोठेबाबा हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. बस करकचून थांबली.

“इथं स्टॉप नाही काका,” कंडक्टर दारातून ओरडला.

“स्टॉप नसन, मी तर हाव ना. पोरीले यवतमाळ. नोकरी लागून राह्यली तिची.”

कंडक्टरने मला वर घेतलं आणि बायकांचं म्हणून अर्धं तिकीट काढलं. मोठेबाबा खिडकीखालून बघत होते. “अर्धं कायले? पोरगी पुरी ग्रॅज्युएट आहे. पुरं फाड.”

“मशीन देत नाही काका. बाईमाणसाले अर्धंच निघते.”

“मंग दोन अर्धे काढ. एक तिचं, एक तिच्या फायलीचं. फायलीले खिडकीजवळ बसव.”

बसमधले सगळे हसले. पण कंडक्टरने खरंच दोन तिकिटं काढली. मी फाइल खिडकीजवळ ठेवली आणि अकराच्या थोडं आधी, धापा टाकत का होईना, त्या टेबलासमोर उभी राहिले. जागा मला मिळाली.

गाडी त्यांनी बैल लावून घरी आणली. बैलांची शिंगं अजून पोळ्याची रंगलेली होती. ते स्वतः बॉनेटवर हात ठेवून शेजारी चालत आले म्हणे. कोणी हटकलं की सांगायचे, “ओढून नाही राह्यले, सोबत चालून राह्यले.” ती पुन्हा उठली नाही. भंगारवाले येत, मोठेबाबा त्यांना चहा पाजून परत पाठवत. म्हातारा बैल कोणी विकतो का, एवढंच विचारत.

गेल्या हिवाळ्यात मोठेबाबा गेले. मला वाटलं, आता मोठीआई गाडी काढून टाकेल. ती म्हणाली, “असू दे. बसलेलीच तर आहे. कोणाले काय मागून राह्यली.”

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी यवतमाळहून एसटीने घरी गेले. संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून झाले. मोठीआई गुडघ्यावर हात ठेवत उठली, तुपाची रिकामी वाटी घेऊन गाडीपाशी गेली आणि तिच्या टपावरची धूळ पदराने पुसली.

“आज आवतन घ्या, उद्या जेवायले या,” ती म्हणाली. मग वाकून चाकाखाली बघत तिने आवाज चढवला. “अन् उंदरांनो, तुमाले नाही सांगितलं.”