टेबलाला प्रदक्षिणा

जेवणाच्या गोल टेबलाची कड गुळगुळीत करायला घेतली आणि मी तिचा चांगला बोटभर खोल लचका तोडला. टेबल ओकच्या लाकडाचं होतं, यंत्र भाड्याचं होतं. चूक तेवढी स्वतःची.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. बाबा पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडात, मेडनहेडला राहायला आले होते. त्यांचा उजवा हात थरथरायचा, त्यामुळे घास उचलताना तो टेबलाच्या कडेवर टेकवावा लागे. त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. त्या धारदार कडेने हातावर जांभळे वळ उठायचे. शेवटी ते खोलीतच जेवायला लागले; मांडीवर ताट, आणि बायको चमच्याने भरवणार. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस सुनेपुढे तोंड उघडायचा आणि चार घासांत "पुरे" म्हणायचा. महिन्याभरात शर्टाची कॉलर सैल झाली.

"अरे, कडेला फोम चिकटव ना," बायको म्हणाली. "लहान मुलांसाठी मिळतो तो."

मी हाडांचा डॉक्टर. रोज लोकांचे गुडघे कापतो. फोम कसला चिकटवतोय! शनिवारी लाकडाची कड गोल करणारं विजेचं यंत्र घेऊन आलो आणि टेबलाचा वरचा भाग बागेत मांडला. कुंपणापलीकडचा शेजारी, सत्तरीचा निवृत्त सुतार, चहाचा मग घेऊन बघायला उभा राहिला.

यंत्र सुरू करून मी टेबलाभोवती निघालो. कुठल्या बाजूने निघायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. गोल फिरायचं म्हणजे मधली वस्तू आपल्या उजव्या हाताला ठेवायची. पायांना लहानपणापासून तेवढंच ठाऊक. अर्धी प्रदक्षिणा झाली असेल नसेल, यंत्र हातातून पुढे पळालं, उसळलं आणि कडेत घुसलं.

"उलटा फिरत होतास, डॉक," शेजारी म्हणाला. "पात्याला अंगावर घेत जायचं, नाहीतर ते पळतं. असं फिरायला कुणी शिकवलं तुला?"

"देवळात."

त्याने चहाचा घोट घेतला. "तिथे हे मशीन नसणार."

"फोम दहा मिनिटांत लागला असता!" किचनच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला. तिच्यामागे बाबा उभे होते. ते एवढंच म्हणाले, "राहू दे रे. मी खोलीत बरा आहे."

ते मात्र लागलं. एरवी ते रागावले असते.

शेजाऱ्याने लचक्याच्या आतून नवं वर्तुळ आखलं आणि टेबल कापून दिलं. यंत्राला मला पुन्हा हात लावू दिला नाही. पॉलिश पेपर हातात कोंबत म्हणाला, "हाताने घास. लाकडाच्या रेषा जातील तसं. मग डोळे मिटून मनगटाची आतली बाजू कडेवरून फिरव. तुला टोचलं तर तुझ्या वडिलांनाही टोचेल."

चार संध्याकाळी मी घासत होतो. हॉस्पिटलातून यायचं, कोट काढायचा, बागेत गुडघे टेकायचे. रोज कुठेतरी टोचायचंच. पाचव्या दिवशी टोचेना, तेव्हा मनगटच बधिर झालं असेल म्हणून मी दुसऱ्या हाताने पाहिलं.

रविवारी दुपारी बायको बाबांना धरून टेबलापाशी घेऊन आली. टेबल आता इतकं आटलं होतं की ताटाला ताट लागत होतं. बाबांनी कडेवर हात टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग पोळीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला. हात थरथरला, दोन थेंब शर्टावर सांडले, पण घास तोंडात गेला. मागोमाग दुसरा. आम्ही दोघं आपापल्या ताटात बघत होतो. तिसरी पोळी त्यांनी स्वतः मागून घेतली, तेव्हा मला राहवलं नाही.

"टोचत नाही ना, बाबा?"

"छे. त्या शेजाऱ्याचा हात चांगला आहे हो."

"अहो, कड मी घासली! चार दिवस!"

त्यांनी घास सावकाश चावून गिळला.

"गुळगुळीत त्याने केलं असणार. लहान झालंय, ते तू."