टिटवीची अंडी

हरणाबाई आटपाडीकडची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला बसली, ती पस्तीस वर्षांनी उठली. इस्लामपूरजवळ ज्या रस्त्यावर तिनं शेवटची खडी टाकली, त्याच्याच कडेला आता तिचं घर. समोर अंगणवाडी.

यंदा अंगणवाडीच्या आवाराची रस्त्याकडची भिंत पडली आणि पाठोपाठ ऊसतोड सुरू झाली. भरलेली ट्रॉली दिसली की पोरं ऊस ओढायला रस्त्यावर धावत. पोरं एकोणीस, बाई एकटी शिवांजली. एकदा समीक्षाला चाकाजवळून ओढून आणावं लागलं. तिचा बाप दादासो म्हणाला, "शनवारपतोर बघतो. न्हाईतर पोरीला काढतो. बाकीचीबी काढतील."

पोरं गेली की अंगणवाडी बंद. हरणाबाई रस्ता ओलांडून आली.

"मी बसवते त्यास्नी."

खडीच्या कामावर मजुरांची पोरं एका गाण्यावर बसत. पुढ्यात प्रत्येकाचा एक गोटा, ते टिटवीचं अंडं. गाणं संपेस्तोवर दोन्ही हातांनी ते उबवायचं.

टिटवी बसली माळावर,
चार अंडी खड्यांवर.
ऊन तापलं, उठली न्हाई,
वारा सुटला, उठली न्हाई.

हरणाबाईनं ओढ्यातनं गोटे आणले, घासून धुतले आणि गायली. शिवांजलीनं सगळ्यांना शाब्बास म्हटलं. तेवढ्यात ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला आणि निम्मी पोरं उठली. शिवांजली दारात आडवी उभी राहिली म्हणून निभावलं.

घरी जाऊन हरणाबाई विचार करत बसली. खडीवर पोरं सांभाळायला तानुबाई म्हातारी असायची. गाणं थांबलं की ती प्रत्येक गोट्याला पालथा हात लावून ऊब बघायची. हरणाबाईच्या स्वतःच्या लेकीलाही तिनं कधी सूट दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हरणाबाई म्हणाली, "आज उगं शाब्बास म्हणायचं न्हाई."

"आवं आजी, बारकी हायती. रडतील."

"रडू द्या. गार ते गारच."

समीक्षाच्या गोट्याला हात लावून ती म्हणाली, "गार. परत बस." पोरीनं ओठ काढला, पण बसली. दुसऱ्यांदाही गार. तिसऱ्यांदा हरणाबाईनं हात जरा जास्त वेळ ठेवला. "आता हाय ऊब." पोरगी हसली नाही. गोटा आणखी घट्ट धरून बसली.

शनिवारी दादासो आला तेव्हा गाणं निम्म्यावर होतं. त्याच्या पाठीमागनं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेला. एकोणीस माना वळल्या. उठलं कुणी नाही.

"चल गं समीक्षा."

"थांबा की पप्पा. गार हुईल."

 दादासो चपला काढून दारातच टेकला. गाणं संपलं. हरणाबाई वाकत वाकत एकोणीस गोटे तपासून आली. तीन गार निघाले, ते तिनं तसंच सांगितलं.

"सोमवारी आणतो हिला," दादासो म्हणाला.

"येळेवर आण. आन चार गडी घिऊन ती भिंत उचल. मी काय रोज गाणार हाय व्हय रं?"