कैदी नंबर सव्वातीन

आमच्या सिनेमाचं शूटिंग नऊ दिवस चाललं, किस्से मात्र दोन वर्षं झाली तरी संपत नाहीत. सिनेमा लोक मोबाइलवर पुढे ढकलत ढकलत बघतात आणि माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात येऊन म्हणतात, "ते जाऊ द्या हो, दारवरचं सांगा." मग मी स्क्रीन बदलता बदलता सांगत बसतो.

सिनेमाचं नाव 'कैदी नंबर सव्वातीन'. जावयावर सासऱ्याच्या खुनाचा आळ येतो, जावई तुरुंगातून पळतो, हवालदार मागे. सासरा मेलेलाच नाही, हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटात कळतं आणि हवालदाराला शेवटपर्यंत नाही. लेखक, कॅमेरामन, डायरेक्टर सगळं मीच.

*

सासऱ्याचं काम आमच्या खापर गावच्या शिंपीकाकांनी केलं. मयताचा सीन त्यांच्याच ओट्यावर. काका चादर पांघरून आडवे, फोटोला हार, समोर वीस माणसं डोक्याला रुमाल बांधून बसलेली. काकांची बहीण गुजरातेत दिलेली. तिच्या गावचा कुणीतरी नेमका तेव्हाच गल्लीतून गेला आणि त्यानं फोन लावला.

आमच्याकडे दुःखाला भेटायला जाणं म्हणजे दारवर जाणं, आणि त्यात कुणी उशीर करत नाही. दोन तासांत दोन जीप भरून बहीण हजर. तिनं गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला. काकांनी अंगावरची चादर बाजूला सारली आणि म्हणाले, "बाई, पहिले पानी पी."

बाईनं पहिले चप्पल काढली. मग सगळ्यांना जेवू घालावं लागलं. काकू अजून म्हणतात, यांच्या जिवंतपणी एवढं माणूस दारात कधी आलं नव्हतं.

*

हिरो पंकज. त्याचे वडील आप्पा, रिटायर हवालदार. तीस वर्षं नोकरी केली, कधी खोटा पंचनामा लिहिला नाही. पोरानं पोलीस व्हावं, एवढीच त्यांची इच्छा. पंकज भरतीच्या दिवशी मैदानावर गेलाच नाही, माझ्या ऑडिशनला आला. तेव्हापासून आठ महिने आप्पा त्याच्याशी बोलत नव्हते. पंकज दुकानाच्या माळ्यावर राहायचा आणि जेवताना आईच्या हातच्या भाकरीचं नाव निघालं की ताट सारून उठायचा. मला फार वाईट वाटायचं. बोलावणारा मीच ना.

पळण्याच्या शॉटला हा गडी लग्नाला निघाल्यासारखा चालायचा. सात रिटेक झाले. आठव्याला गावातलं खरं कुत्रं मागे लागलं आणि पंकज बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा गेला की कॅमेरा वळवायला वेळ मिळाला नाही.

आप्पा शेताकडे निघालेले. थांबून त्यांनी घड्याळ बघितलं आणि मला म्हणाले, "त्याले सांग. भरतीले असा पळता ते आज अंगवर वर्दी ऱ्हाती."

मी सांगितलं. पंकज म्हणाला, "त्यांना सांग, भरतीत कुत्रं नसतं."

ते मी सांगितलं नाही.

*

मोलगीच्या बाजारात आम्ही कॅमेरा जीपमध्ये लपवला होता. कैद्याच्या पट्ट्यापट्ट्याच्या कपड्यात पंकज गर्दीत घुसला. आमचूर विकणाऱ्या एका म्हातारीनं त्याचा हात धरला, मागे बसवलं आणि वरून टोपली ठेवली. हवालदाराचं काम करणारा नाना रसवंतीवाला काठी आपटत आला. म्हातारीनं शांतपणे अक्कलकुव्याच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. नाना खरंच तिकडे पळाला आणि तासाभरानं दुसऱ्याच्या जीपमधून परत आला.

हा सिनेमा आहे, हे आमच्या जीपवाल्यानं म्हातारीला तिच्या बोलीत समजावलं. ती काय म्हणाली तेही त्यानंच आम्हाला सांगितलं, "पळत आलेल्या माणसाला आधी बसवायचं. विचारायचं नंतर."

हे मी आप्पांना मुद्दाम सांगितलं. ते म्हणाले, "आरोपीले आसरा देनं गुन्हा शे."

*

शेवटचा दिवस, शेवटचा शॉट, आप्पांची गल्ली. पंकजनं सरळ पळत जायचं होतं. नाना समोरूनच आला. पंकज गडबडला आणि दिसेल त्या दारात शिरला. दार त्याच्याच घराचं निघालं.

नाना मागोमाग आत, त्याच्यामागे मी, कॅमेरा चालू. आप्पा खाटेवर पेपर वाचत होते. आतल्या पडद्याखालून पंकजचे पाय दिसत होते.

"आप्पा, कैदी आठे उना का?" नानानं घरभर बघत विचारलं.

आप्पांनी पेपरची घडी घातली. नानाला खालपासून वरपर्यंत बघितलं. "पहिले टोपी सरळ कर."

नानानं केली.

"आठे कोनी उना नही," आप्पा म्हणाले. मग मागच्या दाराकडे बोट दाखवून, "मांगला दारथून गया."

नाना मागच्या दाराकडे धावला. आप्पा उठले, मला कॅमेऱ्यासकट बाहेर काढलं आणि कडी लावली. आतून आवाज आला.

"ते कपडा काढ. हात धोय. जेवाले बस."

आमचं सगळं युनिट बाहेर उन्हात उभं. दीड तासानं कैदी बाहेर आला. आप्पांचा शर्ट घालून, ढेकर देत.