उतरायचा सराव

सोलापूरच्या भवानी पेठेत माझं चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. खांद्यावर गठ्ठा टाकून दारोदार फिरण्यापासून सुरुवात केली आणि जिभेच्या जोरावर इथवर आलो. समोरच्याने शंभर म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप साठ निघतं. बायकोने कळसूबाईला जायचं काढलं आणि म्हणाली, "सहा महिने रोज जिने चढावे-उतरावे लागतील," तेव्हाही मी लगेच म्हणालो, "तीन."

"बरं, तीन. पण रोज. आणि भाऊजीबी येणारेत."

माझं डोकं फिरलं. हा माझा धाकटा भाऊ. त्याला कापडावर हात फिरवून सूत ओळखायला मी शिकवलं. सहा वर्षांपूर्वी तो वेगळा झाला, पलीकडच्या गल्लीत दुकान थाटलं आणि मी शोधून काढलेला, माझ्या हाताखालचा सगळ्यात चांगला विणकर सोबत घेऊन गेला. तेव्हापासून दसऱ्याला सोनं घेऊन तो माझ्या पाया पडायला आला नाही. मीही बोलावलं नाही.

"येऊ दे. पण मी त्याचा हात धरणार नाही," मी ओरडलो. "मेलो तरी नाही!"

"नका धरू. पाय तेवढे तयार करा."

सोलापुरात चढ कुठून आणायचा? जिकडे बघाल तिकडे सपाट काळी माती. आमच्या गोदामाची इमारत चार मजली, म्हणून तिचाच जिना धरला. पहाटे बायको आणि मी चढायचो. ती पायऱ्यांनी उतरायची. मी माल वाहायच्या लिफ्टने खाली यायचो आणि पुन्हा चढायचो. तिच्या एका फेरीत माझ्या दोन व्हायच्या. हमाल हसायचे. मी म्हणायचो, "उतरण्यात कसली रे मेहनत? दगडसुद्धा आपोआप खाली येतो."

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही पायथ्याच्या गावात उतरलो. मी मान वर केली आणि टोपी मागे पडली. डोंगर असा उभा होता की त्याच्यापुढे मोठ्याने बोलायची लाज वाटावी. मी आयुष्यभर माणसं जोखत आलो. कोण किती खाली येईल, हे मला चेहऱ्यावरून कळतं. त्या काळ्या कातळाचा चेहरा मात्र वाचता येईना.

चढताना मी भावाच्या पुढे होतो. खरं सांगतो, प्रत्येक वळणावर मागे वळून बघत होतो, किती मागे पडलाय ते. लोखंडी शिड्या आल्या. पहिली, दुसरी, मग शेवटची. श्वास भात्यासारखा चालत होता, पण पाय ठरल्याप्रमाणे चालले. तीन महिन्यांतली एकेक पहाट पायाखाली येऊन उभी राहत होती.

आणि मग वर काहीच उरलं नाही. देवीचं एवढंसं देऊळ, वारा, आणि चारी बाजूंनी डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक, शेवटची तर नुसती निळी. खाली धरणाचं पाणी पडलेल्या ताटासारखं चमकत होतं. एक घार उडत होती, आणि मला तिची पाठ दिसत होती. आमच्याकडे आभाळ जमिनीला टेकलेलं असतं. इथे ते माझ्या पायांखालूनही जात होतं. माझे डोळे भरून आले. देवीपुढे उभा राहिलो, पण मागायला काही सुचेना. मागणं म्हणजे पुन्हा भाव करणंच. बायको हात जोडून उभी होती. भाऊ दोन हातांवर होता. "बघितलंस का?" हे शब्द ओठांवर आले. मी ते गिळले.

उतरताना पहिल्याच शिडीवर माझे गुडघे मागाच्या धोट्यासारखे थडथडू लागले. खाली दरी होती. मी दोन्ही हातांनी लोखंड आवळलं आणि डोळे मिटले. पाय सोडवेना. वर घेऊन आलेलं सगळं बळ तिथे कवडीच्या कामाचं नव्हतं.

भाऊ माझ्याआधी उतरला होता. तो पुन्हा वर चढत आला आणि माझ्या पायांशी थांबला.

"दादा, हितली लिफ्ट बंद हाय की."

साऱ्या पेठेला माहीत होतं तर! मी तशाही अवस्थेत त्याला एक शिवी हासडली.

"दे अजून चार. पण पाय सैल सोड."

"तुझा हात मी धरणार नाही."

"वैनी बोलल्यात मला. मी कुटं हात देतोय?"

त्याने माझी टाच धरली. अलगद खालच्या पायरीवर टेकवली आणि दाबून ठेवली. मग दुसरी. एकेक पायरी, एकेक टाच. सहा वर्षांत त्याचे हात माझ्या पायांना लागले नव्हते. त्या अवाढव्य कातळावर मी मुंगीएवढा चिकटलो होतो आणि माझा सगळा भार दोन तळहातांवर होता. तो थकला नाही, घाईही केली नाही. त्याने उतरायचाही सराव केला होता.

खाली आल्यावर त्याची पाण्याची बाटली मी मागून घेतली आणि रिकामी केली.

विणकराचं मी विसरलेलो नाही. ते चुकलंच त्याचं. पण आता रोज पहाटे गोदामाचा जिना पायऱ्यांनीच उतरतो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खिडकी आहे. चढताना ती पाठीमागे राहते. उतरताना तिच्यातून थेट त्याचं दुकान दिसतं. यंदा दसऱ्याच्या सकाळी त्याच्या दुकानाला तोरण लागलेलं दिसलं. मी तिथे थांबलो नाही. उरलेले मजले उतरलो, आपट्याची पानं खिशात घातली आणि पलीकडच्या गल्लीत निघालो.