वहिनी खोटं बोलत नाहीत

माझ्या हातात दोन राजे होते, मधे तिसरा राजा उघडला, आणि या एवढ्या ऐवजाचे मला मिळाले काय, तर प्लास्टिकच्या तीन चकत्या.

मी पाच चकत्या पुढे सरकवल्या मात्र, तिघांनीही पत्ते खाली ठेवले. दाताचे डॉक्टर, ज्यांच्या नौपाड्यातल्या दवाखान्यावरच्या घरात आम्ही खेळतो, ते म्हणाले, "वहिनी बोलल्या म्हणजे असणारच." क्लासवाल्या सरांनी मान डोलावली. कोपरला राहणारे नवऱ्याचे मित्र, ज्यांना मी भावजी म्हणते, ते तर कौतुकाने हसले. कोणी मला बक्षीस समारंभात पेन द्यावं तसं ते हसू होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

पोकर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मधे पाच पत्ते सगळ्यांसाठी हळूहळू उघडत जातात. या सातांतून ज्याचे पाच सगळ्यात भारी, त्याचा डाव. सुरुवातीला प्रत्येकाने एकेक चकती मधे ठेवायची आणि दरम्यान आणखी लावत जायचं. समोरच्याने तेवढ्याच चकत्या लावल्या तर तो "बघतो", नाहीतर पत्ते टाकून "पॅक" होतो. हे शब्द आमच्याकडे तीन पत्तीतून आले. पैशांचा संबंध नाही. संध्याकाळी ज्याच्याकडे सगळ्यात कमी चकत्या उरतात त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी बटाटेवडे आणायचे, एवढंच. तरी तिघंही असे खेळतात की जणू सातबारा लावलाय.

या टेबलाची चौथी खुर्ची माझ्या नवऱ्याची. रविवारी दुपारी जेवण झालं की तो इस्त्रीचा शर्ट घालून पत्ते खेळायला निघायचा, जसा काही मुलगी बघायला चाललाय. गेल्या वर्षी तो गेला. चार-पाच महिने ती खुर्ची रिकामी राहिली, मग एक दिवस कोपरचे भावजी घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही येऊन बसा. तिघांत मजा येत नाही." त्यांनी हॉस्पिटलची धावपळ केली होती, पुढचं सगळं केलं होतं. नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर नाही म्हणायचं नव्हतंच. रविवारची दुपार मला खायला उठत होती.

तिथे गेले तेव्हा कळलं की मी खेळायला गेलेच नव्हते. मला बसवायला नेलं होतं. मी आले की तिघांचे आवाज खाली यायचे. शिव्या बंद. माझ्या चकत्या संपल्या तर सर आपल्यातल्या चार गुपचूप माझ्याकडे सरकवायचे. वडे माझ्यावर कधी आलेच नाहीत, "वहिनींना त्यातून वगळलंय" असं डॉक्टरांनी परस्पर जाहीर केलं होतं. आणि माझ्या नवऱ्याचं नाव कोणी काढायचं नाही. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर दर रविवार घालवला, त्याच्याबद्दल एक वाक्य नाही. एकदा सरांच्या तोंडून "तो असता तर" एवढं निघालं, तर भावजींनी असं बघितलं की सरांनी चहाचा कप तोंडाला लावला. खेळ संपला की भावजी माझ्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत सोडायला यायचे आणि मग स्टेशनकडे वळायचे. दोन गल्ल्यांचं अंतर. मी या भागात जन्म काढलाय.

त्यांचं प्रेम मला कळत होतं. पण ते प्रेम मला त्या टेबलावर एक फोटो करून ठेवत होतं, हार घातलेला. मला त्यांनी माझ्याशी खेळायला हवं होतं.

त्या तीन राजांनंतर मी ठरवलं की चांगल्या पत्त्यांची पुरेपूर किंमत वसूल केल्याशिवाय सोडायचं नाही. आधी मला वाटलं, हात आखडता घ्यावा. भारी पत्ते आले की एखादीच चकती लावावी, म्हणजे बिचारे घाबरणार नाहीत. एकच लावली. तिघं पॅक. मग वाटलं, काहीच लावू नये, त्यांनाच लावू द्यावं. तर मी गप्प बसले की तेही गप्प बसत. वहिनींकडून कशाला घ्या, असा हिशेब. पत्ते उघडले की माझा रंग जमलेला आणि मधे चकत्या किती, तर सुरुवातीला ठेवलेल्या तेवढ्याच. "वा वहिनी," तिघं एकदम म्हणायचे.

घरी जेवणाच्या टेबलावर चार जणांचे पत्ते मीच वाटून मीच खेळत बसायचे. तिथे एका दुपारी उजेड पडला. माझ्या पत्त्यांत खोट नव्हती, माझ्या अब्रूत होती. मी शाळेत मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवलं. हे तिघं मला ओळखतात ते "बाई" म्हणून आणि "वहिनी" म्हणून. यातली कुठलीच बाई खोटं बोलत नाही. मी चकत्या लावल्या म्हणजे माझ्याकडे आहे, एवढं ते धरून चालत. मग बघायला कोण येणार? लोक बघतात ते शंका आल्यावर. मला शंका निर्माण करायची होती.

म्हणून पुढच्या रविवारी मी हातात सत्ती आणि दुर्री असताना पंधरा चकत्या लावल्या. मधल्या पाच पत्त्यांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तिघं आज्ञाधारकपणे पॅक झाले. आता चकत्या ओढून गप्प बसायचं असतं, पण मला ते करायचं नव्हतं. मी दोन्ही पत्ते उताणे टाकले.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. भावजींनी एक्क्याची जोडी टाकलेली होती, ती त्यांनी पुन्हा उचलून बघितली. मग ते समजूतदारपणे म्हणाले, "वहिनींनी चुकून लावलं असेल. सत्तीला राणी समजल्या असतील."

मला वाटलं, आता हातातला कप फेकून मारावा. मी खोटं बोलले ते पुराव्यासकट समोर पडलं होतं आणि हे मला मोतीबिंदू देऊन मोकळे झाले होते.

मी पाठ सोडली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच केलं. या वेळी पत्ते उताणे टाकले आणि भावजींकडे बघून म्हटलं, "चुकून नाही हं. मुद्दाम. आणि मागच्या वेळीपण मुद्दाम."

सर खो खो हसले. भावजी हसले नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या दिवशी मला गेटपर्यंत सोडताना ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मला इतकं बरं वाटलं की मी घरी जाऊन शिरा केला.

त्यानंतर फक्त वाट बघायची होती, आणि ते काम फार चिकाटीचं आहे. कित्येक रविवार माझ्याकडे कचराच आला. हात शिवशिवायचे, पण मी पॅक होत राहिले. भावजी आता माझी चकती पुढे आली की पूर्वीसारखे हसत नव्हते, बारीक डोळे करून बघत होते. मी मनात म्हणायचे, थांबा जरा.

गणपती होऊन गेल्यावरचा रविवार होता. माझ्या हातात दोन नव्व्या आल्या. मधे पहिले तीन पत्ते उघडले. राजा, नव्वी, चार. मी पाच चकत्या लावल्या. डॉक्टर पॅक, सर पॅक. भावजी म्हणाले, "बघतो." पुढचं पान दुर्री. मी दहा लावल्या. थांबून बघू, अजून एकदा लपवू, असले लाड मी स्वतःचे केले नाहीत. ज्याला बघायची खाज सुटली आहे त्याच्याकडून प्रत्येक पानाला घ्यायचं. "बघतो," भावजी म्हणाले. शेवटचं पान पुन्हा राजा.

भावजी सैल होऊन खुर्चीला टेकले. मला कळलं की एक राजा त्यांच्याकडे आहे, म्हणजे त्यांचे तीन झाले. माझ्या तीन नव्व्या आणि मधले दोन राजे, म्हणजे फुल हाऊस; तिनांच्या जोडीला आणखी एक जोडी असली की ते नुसत्या तीन राजांपेक्षा भारी. ते माझ्या खाली होते. प्रश्न एवढाच होता की मागायचं किती. हातात लहानपणापासूनचं वळण आहे, ताटात वाढताना "पुरे पुरे" म्हणायचं. थोडं मागितलं असतं तर थोडं नक्की मिळालं असतं. मी पुढ्यातला सगळा ढीग दोन्ही हातांनी मधे लोटला.

आणि एक गोष्ट केली. शाळेत गृहपाठ न केलेला मुलगा खोटं बोलतो तेव्हा तो खाली बघत नाही, थेट डोळ्यांत बघतो, आणि न विचारलेलं कारण सांगतो. मी भावजींच्या डोळ्यांत बघितलं. "नाही, म्हणजे मला आज जरा लवकर जायचंय," मी म्हटलं, "दळण आणायचंय, म्हणून सगळं लावते."

भावजी माझ्याकडे बघत राहिले. मला चकत्यांची पर्वा नव्हती. हा माणूस आता पॅक झाला असता तर मी जन्मभर त्यांची वहिनीच राहिले असते.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे रे. वहिनी आहेत."

"वहिनी आहेत तर काय झालं?" भावजी उसळले. "दोनदा उल्लू बनवलंय मला. दळण म्हणे. मी काय येडा वाटलो? बघतो."

त्यांनी एक्का आणि राजा आपटला. मी माझ्या दोन नव्व्या एकेक करून मांडल्या.

भावजींनी नव्व्या बघितल्या, मधले पत्ते बघितले, परत नव्व्या बघितल्या. मग टेबलावर थाप मारून त्यांनी अशी शिवी हासडली की खालच्या दवाखान्यात ऐकू गेली असावी. आणि त्याच आवाजात, त्याच भरात ते बोलून गेले, "ह्या बाईपेक्षा तो परवडला. त्याचं निदान दिसायचं तरी."

सरांचा चहाचा कप वाटेतच थांबला. भावजींनाही आपण काय बोललो ते कळलं असणार, पण आता तोंड बंद करायला उशीर झाला होता.

"काय दिसायचं?" मी विचारलं.

भावजींनी डॉक्टरांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, माणसाकडे बघावं तसं. "चांगले पत्ते आले ना, की टेबलाखाली पायाने चप्पल शोधायला लागायचा," ते म्हणाले. "खसफस खसफस. स्वतःला कळायचंच नाही त्याला. आवाज आला की आम्ही तिघं पॅक. इतक्या वर्षांत त्याला चांगल्या पत्त्यांवर कधी काही मिळालं नाही. आम्ही सांगितलंपण नाही."

डॉक्टर हसायला लागले, मग सर. "आणि घरी येऊन काय म्हणायचा?" सरांनी विचारलं.

"नशीबच नाही म्हणायचा," मी म्हटलं, आणि मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून वाहायला लागले. एवढा संसार केला, पण मला हे माहीत नव्हतं. या तिघांकडे तो माझ्याहून वेगळा साठवलेला होता आणि माझ्या काळजीपोटी त्यांनी तो वर्षभर दाबून ठेवला होता. भावजी गडबडले. खिशातून रुमाल काढून ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, सॉरी, थांबूया का आज?"

मी रुमाल घेतला नाही. मधल्या चकत्या ओढून घेतल्या, एक न् एक, आणि म्हटलं, "चपलेचं पुन्हा सांगा. मोठ्याने."