दुभाषी खाला

खाला दुसऱ्याचं दुःख 'मी' म्हणून सांगायच्या. 'तिचा नवरा गेला' असं नाही. 'माझा नवरा गेला' असं. सदाशिव पेठेतल्या आमच्या समुपदेशन केंद्रात अफगाणी निर्वासित बायका येऊ लागल्या. त्यांची फारसी आम्हाला कळेना, म्हणून खालांना बोलावलं. त्याही तिकडूनच आलेल्या. काबूलमध्ये सुईण होत्या. येरवड्यात एका खोलीत एकट्या राहत. मराठी शेजारणींकडून उचललेलं, त्यामुळे अधूनमधून एखादी शिवीही ऐटीत येई.

तेव्हा शहराबाहेर संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. या बायकांची शिकलेली मुलं कागदपत्रं नाहीत म्हणून तिथल्या फाटकावरूनच परत येत. आया झोप हरवून बसलेल्या. खाला त्यांना सांगत, "रडायचं तर रडा, पण आधी कणीक मळून ठेवा. पोरांना भूक लागतेच." माझ्या पदवीपेक्षा या वाक्यानं जास्त बायका उठून उभ्या राहिल्या.

एकदा विशीतली एक अविवाहित मुलगी आली. डोंगर ओलांडताना तिची आई थकून बसली ती उठलीच नाही, एवढं सांगून ती गप्प झाली. खाला मात्र बोलतच राहिल्या. "मग मी मागे वळले. मुलीचा हात माझ्या हातात नव्हता. सात वर्षांची होती. हाका मारल्या, तर बरोबरचे म्हणाले, गप्प राहा, सगळे मरू."

मी लिहीत होते. समोरच्या मुलीचं तर लग्नही झालेलं नाही, हे ध्यानात आलं आणि हात थांबला.

खाला पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "ताई, शेवटचं खोडा. तिच्या कागदावर माझं नको."

त्यानंतर त्या आल्याच नाहीत. आठवड्यानं मी येरवड्याला गेले. भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. शेजारीण म्हणाली, जेवत नाहीत, मराठी तर बोलतच नाहीत. मला पाहून उठल्या, माझं मनगट घट्ट धरलं आणि फारसीत बोलू लागल्या. तासभर. मला एक शब्द कळला नाही, आणि अर्थ सांगायला दुसरं कोणी नव्हतं. मी नुसती बसून राहिले.

औषधं सुरू झाली, त्या थोड्या सावरल्या. काही महिन्यांनी परदेशातल्या भावानं त्यांना बोलावून घेतलं. त्या निघताना मी धीर करून त्यांच्या मुलीचं नाव विचारलं.

"त्या दिवशी किती वेळा सांगितलं, ताई," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

त्या तासाभरातला कोणता शब्द तिचं नाव होता, हे मला अजूनही माहीत नाही.