टाकीच्या तळाचं पिवळं

"वर कर हात. दाखव सगळ्यांना."

दुकानदार गादीवर बसून बोलत होता. मी पायरीखाली उभी. पायरी चढायची आम्हाला मुभा नव्हती. तो वरून पुडी टाकायचा, आम्ही पदर पसरून झेलायची. त्या दिवशी मी झेललेली पुडी परत घेऊन गेले होते. तेवढ्यावर त्याचं डोकं फिरलं. माल परत आणायचा, आणि तोही पायरीखालच्या बाईनं!

मी हात वर केले. खरंच केले. आज सांगताना माझा मलाच संताप येतो.

मनगटापर्यंत पिवळे होते हात. सोलापुरात तेव्हा सूत रंगवायचे कारखाने गल्लोगल्ली होते, त्यातल्या एकात मी कामाला. सुताच्या लडी टाकीत बुडवायच्या, पिळायच्या, बांबूवर वाळत घालायच्या. नखांच्या कडेला बसलेला पिवळा साबणानं जात नाही, राखेनंही जात नाही.

"बघा," तो म्हणाला, "रंग हिच्या हाताला, अन् नाव माझ्या हळदीला!"

बाया हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या. रोज नळावर माझ्याबरोबर पाणी भरणाऱ्याच होत्या त्या.

मी काय मोठं बोलले होते? एवढंच म्हणाले होते, "ह्या हळदीत रंग हाय. पोरीच्या दुधात घातली, तर वाटीच्या बुडाला बसली. माझी पोर लई आजारी हाय."

त्यानं पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेतला. माझ्याच पुडीतली चिमूटभर हळद त्यावर चोळली. लालभडक झाली. ही पारख घरोघरच्या बायांना ठाऊक. चुना लागून लाल झाली की हळद खरी. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंतर त्यानं मला हात वर करायला लावले होते.

"ह्या हातानं भाकरी थापतीस, पोरीला घास भरवतीस, अन् वर मलाच इचारतीस? तुझ्या घाणीनं मरंल ती पोर."

मी पुडी उचलली आणि घरी आले. रडले नाही. त्याहून वाईट झालं. मला ते पटलं.

माझी तानी सहा वर्षांची. दोन महिन्यांपासून पोट धरून लोळायची. अंगातलं रक्त कुठं गेलं कळेना, तोंड पांढरंफटक. हिरड्यांना काळसर निळी रेघ आली होती. मग उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. वाटी धरायला गेली की सांडायची आणि माझ्याकडे बघायची, जणू मी मारणार आहे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं लांबूनच बघितलं आणि विचारलं, घरात रंगाचं काम कोण करतं? मी म्हणाले, मी. पोटात शिसं गेलंय, हात धूत जा, एवढं सांगून त्यानं पुढच्याला बोलावलं.

दुकानातली गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती. सासू दारातच उभी होती.

"उद्यापास्नं चुलीला शिवायचं न्हाय. पोरीला हात लावायचा न्हाय. कळलं का?"

"व्हय," मी म्हणाले.

एक महिना मी माझ्या पोरीला जवळ घेतलं नाही. कारखान्यातून सुटले की नळावर अंग घासायची, लुगडं बदलायची, आणि तरी उंबऱ्याच्या बाहेर बसायची. नवरा गिरणीतून यायचा, माझ्याकडे आणि त्याच्या आईकडे बघायचा आणि जेवायला बसायचा. तानी आतून "आये, आये" करायची. मी हात पदराखाली लपवून बसायची, चोरी केल्यासारखी.

स्वयंपाक सासू करायची. पोर आजारी म्हणून दुधात हळद, सकाळ-संध्याकाळ. जास्तच वाळायला लागली तशी हळदही वाढवली. शेजारणीकडून शेळीचं दूध मागून आणायचं आणि त्यात चमचाभर पिवळं कालवून पोरीला पाजायचं. मायेनंच पाजायची म्हातारी. नाक दाबून पाजायची.

पोर काही सुधारली नाही. माझा हात लागत नव्हता, माझं शिजवलेलं पोटात जात नव्हतं, तरी ती खंगतच होती. तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. आधी स्वतःचा. म्हटलं, एवढी अक्कल गहाण टाकलीस होय गं? गादीवरचा माणूस म्हणाला म्हणून तू पोर सोडलीस?

आता कारखान्याचं सांगते. पिवळ्याला एक पांढरं मीठ लागायचं, शिशाचं. पिपांतून यायचं, दिसायला साखरेसारखं. बोट तोंडात घालायचं नाही असा मुकादमाचा पहिल्या दिवसापासूनचा दम. पिपावर कागद चिकटवलेला, त्याच्यावर कवटीचं चित्र. मला अक्षर येत नव्हतं, पण कवटी काय सांगते ते कळायला शाळेत जावं लागत नाही.

महिन्यातून एकदा टाकी रिकामी करायची. तळाला पिवळा गाळ बसलेला असायचा, जड, चिकट. तो आम्ही बायांनी खरवडायचा, उन्हात वाळवायचा, कुटायचा आणि रिकाम्या पिपात भरायचा. भरण्याआधी पिपावरचा कागद भिजवून काथ्यानं घासून काढायचा. कशाला, म्हणून कधी विचारलं तर मुकादम म्हणायचा, बैलांच्या शिंगांना लावायचा रंग आहे, गिऱ्हाईक येतं न्यायला.

त्या दिवशी मी कागद घासत होते आणि गिऱ्हाईक आलं. मान वर करून बघितलं. दुकानात पुड्या बांधणारा नोकर. हा माणूस दर महिन्याला हातगाडी घेऊन येत होता आणि मी दर महिन्याला त्याला बघत होते. बैलाची शिंगं वर्षातून एकदा रंगतात. सोलापुरात असे किती बैल आहेत, की दर महिन्याला पीपभर रंग लागतो?

माझ्या हातातला काथ्या थांबला.

"घास की," मुकादम म्हणाला.

"न्हाय घासत."

"काय म्हणालीस?"

"कवटी न्हाय काढत. ऱ्हाऊ द्या तिला पिपावर. लोकांना दिसू द्या."

मुकादमानं शिव्या दिल्या. उद्यापासून येऊ नको म्हणाला. नोकर मात्र माझ्याकडे बघेना. मी काथ्या टाकीत फेकला आणि भर दुपारी घरी आले.

घरी परात घेतली. दुकानातली पुडी त्यात रिकामी केली. पुडीच्या कागदावर लक्ष्मी होती, कमळात बसलेली, खाली ठसठशीत अक्षरं. 'शुद्ध अस्सल हळद' असं लिहिलंय, हे नवऱ्यानं मागंच वाचून दाखवलं होतं. आमच्या कारखान्यात यायची तेव्हा कवटी, आमच्या चुलीपाशी जायची तेव्हा लक्ष्मी. मधल्या वाटेवर कवटी घासून काढणारी मीच.

परातीत पाणी ओतलं, ढवळलं, हळूच कलतं केलं. हळद हलकी, पाण्याबरोबर निघून गेली. पुन्हा पाणी, पुन्हा कलतं. पाच-सहा वेळा केलं. तळाला एक पिवळा थर राहिला, जड, चिकट. मी तो थर वर्षानुवर्षं खरवडला होता. अंधारातही ओळखला असता. त्याच्यावर चुना चोळला. लाल झाला नाही, पिवळाच राहिला. दुकानदाराचा चुना लाल झाला होता, कारण पुडीत निम्मी हळद खरी होती. मेल्यानं तेवढी अक्कल चालवली होती.

सासू शेजारी उकिडवी बसून बघत होती. मग उठली, चुलीवरचं हळदीचं दूध मोरीत ओतलं, आत जाऊन तानीला उचललं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

"म्या पाजलं," म्हणाली. "म्या माझ्या हातानं पाजलं की गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परात आणि घागर घेऊन दुकानावर गेले. पायरी चढले. दुकानदार ओरडला, "खाली उतर!" मी वर बसले. बाया जमल्या. मी कुणाला भाषण दिलं नाही. म्हटलं, पुडी द्या. एकीनं दिली, मी धुतली. तळाचं तिच्या बोटाला लावलं, चुना दिला, म्हटलं चोळ. मग दुसरीनं दिली. त्या दिवशी हसलेल्या होत्या त्यांत. कुणी हसलं नाही. एक जण पुडी छातीशी धरून घराकडे पळत सुटली, तिचं पोर तान्हं होतं.

दुकानदारानं पोलिसाला बोलावलं. पोलिसानं मला दंडाला धरून उठवलं, माझी परात लाथेनं उडवली. हळदीत विष घालणारा गादीवर, आणि दंडाला धरलं मला.

संध्याकाळी तोच नोकर आमच्या दारात आला. हातात पितळेचा डबा.

"मालकांनी पाठवलीय. त्यांच्या घरची हळद हाय. येगळी येती त्यांच्यासाटी. पोरीला ही द्या, अन् उद्या येऊ नका."

मी त्याच्यादेखत चिमूटभर धुतली. सगळी वाहून गेली. तळाला काही राहिलं नाही.

म्हणजे त्याला ठाऊक होतं! फसला नव्हता तो. त्याच्या चुलीला वेगळी हळद आणि आमच्या चुलीला टाकीचा गाळ, हे त्यानं रोज सकाळी दुकान उघडताना ठरवलेलं होतं. मला हात वर करायला लावले तेव्हाही ठाऊक होतं. माझी पोर मरेल म्हणाला तेव्हाही.

मी डबा नोकराच्या हातात परत दिला.

"मालकाला सांग, उद्या येनार. परवा बी येनार."

तानीचा हात अजून मनगटातून उचलत नाही. उचलेल की नाही, डॉक्टर सांगत नाही. आम्ही आता जवळच्या वळसंग गावाहून हळकुंडं आणतो, घरी कुटतो. मला कारखान्यात कुणी घेत नाही. दुकानाच्या पायरीवरून मला तीनदा उठवलं, एकदा रात्रभर चौकीत बसवलं. मालक म्हणतो बाई वेडी आहे. म्हणू दे. जे तो स्वतःच्या घरात शिजवत नाही, ते मी माझ्या घरात शिजू देणार नाही, आणि शेजारणीच्याही घरात शिजू देणार नाही. मला उठवायचं तर रोज उठवावं लागेल.